पायगुण

इस्लामपुरात सकाळी साडेसहाच्या सुमाराला कुणी पांढऱ्या मारुती 800 चं बोनेट उघडून, रेडिएटरच्या तोंडात बोट बुडवून, ते बोट उजेडाकडं धरून निरखताना दिसलं, तर ते आप्पा आहेत असं खुशाल समजावं. निवृत्त कालवा निरीक्षक. कृष्णा कालव्यावर एकतीस वर्षं त्यांनी लोकांच्या उसाला पाणी पोचतंय की नाही हे पाहिलं. आता आपल्याच गाडीच्या इंजिनाला ते पोचतंय की नाही, हे त्यांना कळेनासं झालं होतं.

गाडी 1999 सालची, नंबर अर्थातच एम.एच. 10. पहिली मारुती 800 दिल्लीत 14 डिसेंबर 1983 ला गिऱ्हाइकाच्या हाती गेली तेव्हा तिची किंमत साडेसत्तेचाळीस हजार रुपये होती, हे आप्पा पाहुण्यांना चहाआधी सांगतात. 2014 च्या जानेवारीत तिचं उत्पादन थांबलं, हे चहानंतर. मधे चहा गार होईपर्यंत स्वतःच्या गाडीचं गुणगान. पुण्याचा मुलगा दर दिवाळीला "आप्पा, आता विका की ती" म्हणतो. पण पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीच्या फेरनोंदणीची फी एप्रिल 2022 पासून सहाशेवरून एकदम पाच हजारांवर गेली, तरी आप्पा बधले नाहीत. पाच हजार भरून घरी आले आणि म्हणाले, "एवढं भरल्यावर आता विकतोय कोण?" त्या पाच हजारांत सरकारनं गाडीला पाच वर्षं दिली आणि गाडीनं आप्पांना ताप.

रोज तापली असती तर एव्हाना बरीही झाली असती. हिचा ताप पाळीचा. आज आष्ट्यापर्यंत जाऊन आली, काटा मधोमध, समईच्या वातीसारखा स्थिर. उद्या त्याच रस्त्यानं, त्याच वेळेला निघावं, तर गाव सुटायच्या आत काटा 'एच'च्या दिशेनं चालू लागायचा आणि बोनेटच्या फटीतून वाफ. परवा पुन्हा काही नाही. जणू तापली ती शेजाऱ्यांची गाडी, हिनं नुसतं ऐकलं होतं.

हे सुरू झालं दिवाळीत. त्याच दिवाळीत आप्पांचे मेव्हणे पुण्यातली बँकेची नोकरी संपवून इस्लामपुरात कायमचे राहायला आले, त्यामुळं निदान वाफ निघताना रस्त्याकडेला उभं राहायला आप्पांना सोबत तरी झाली.

मिस्त्रींकडं नेली की गाडी हेडमास्तरांसमोर उभ्या केलेल्या व्रात्य पोरासारखी गरीब व्हायची.

"काय हुतंय, आप्पा?"

"गरम होतीय."

"कवा?"

"कधीपण."

"आत्ता?"

"आत्ता नाही."

मिस्त्रींनी गाडी अर्धा तास जागेवर चालू ठेवली. काटा अर्ध्याच्या जरासा वर गेला, रेडिएटरमागचा पंखा घुर्र करून सुरू झाला, काटा खाली आला, पंखा बंद पडला. पुन्हा तेच. पुन्हा तेच. मिस्त्रींनी हात पुसले. "फॅन तर टायमावर चालतोय की! एस.टी.पेक्षा बरा. हिला काय झालेलं न्हाई, आप्पा. तुम्हीच जरा टेन्शन कमी घ्या."

आप्पांनी टेन्शन कमी घेतलं आणि पाणी जास्त. डिकीत पाच-पाच लिटरचे चार कॅन बसवले. स्टेपनीला जागा उरेना म्हणून ती घरी कोनाड्यात ठेवली. यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं. 1888 च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ ही बाई नवऱ्याला न विचारता, दोन पोरांना घेऊन, त्यानं बनवलेली तीनचाकी मोटार मानहाइमहून फोर्झहाइमला घेऊन गेली. मोटारीतला जगातला पहिला लांबचा प्रवास तो हाच. त्या गाडीतही पाणी उकळून उडून जायचं आणि बाई वाटेत मिळेल तिथं थांबून ते भरायची. शंभर किलोमीटरच्या वर अंतर तिनं एका दिवसात तोडलं. आप्पांना पेठ नाका, म्हणजे सात-आठ किलोमीटर, तीन थांब्यांत पडत होता.

इस्लामपुरात आजार एकाला झाला तरी औषध गावाला माहीत असतं. स्टँडजवळच्या टपरीवर आप्पांनी एकदा नुसतं "गाडी गरम होतीय" म्हटलं, आणि कपाचा कान सोडायच्या आत पाच निदानं झाली. ट्रॅक्टरवाले म्हणाले, हेड गॅस्केट उडालंय, डोकं उतरवा. ऑइलच्या दुकानदारानं विचारलं, कूलंट हिरवं घालता का लाल? तालमीतले वस्ताद म्हणाले, खुराक कमी पडतोय, ऑइल बदला आणि दमसास बघा. काढ्याच्या बाटल्या विकणाऱ्या वैद्यबुवांनी गाडी कोणत्या महिन्यात घेतली ते विचारलं. मे महिन्यात, असं कळल्यावर त्यांनी मान हलवली, साठलेलं पित्त. निवृत्त गुरुजी म्हणाले, काटाच खोटा बोलत असेल.

"आणि वाफ?" आप्पांनी विचारलं.

"वाफेचं मला सांगता येणार नाही. मी मराठीचा."

बघायला गेलं तर प्रत्येकाच्या म्हणण्यात थोडं तथ्य होतं. गॅस्केट उडालं तर गाडी तापतेच, काटा बिघडला तर खोटंही बोलतो. फक्त ज्याचं त्याचं औषध ज्याच्या त्याच्याच दुकानात मिळत होतं. आप्पांनी कुणालाच नाही म्हटलं नाही. सरकारी सवयीनं त्यांनी सगळ्या निदानांचं पाळीपत्रक आखलं आणि पहिली पाळी दिली थर्मोस्टॅटला.

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन आणि रेडिएटर यांच्या मधलं दार. आत मेणाची कुपी असते. इंजिन गार असताना दार बंद. पाणी ऐंशी-पंच्याऐंशी अंशांना पोचलं की मेण फुगतं, दार उघडतं आणि गरम पाणी रेडिएटरकडं सुटतं. आप्पांना हे ऐकताच कळलं. कालव्याचं गेटच हे! फक्त याला कर्मचारी लागत नाही आणि रात्री कुणाच्या फोनवरून ते उघडत नाही.

मिस्त्री म्हणाले, "काढून टाकू. थंड मुलखातली भानगड हाय ती. आपल्याकडं काय करायचीय?" असे काढून टाकलेले थर्मोस्टॅट त्यांच्याकडं डबाभर होते. आप्पांच्या एकतीस वर्षांच्या नोकरीला हे झेपेना. "गेट काढून टाकल्यावर टेलला पाणी पोचंल का?" या प्रश्नावर मिस्त्रींनी त्यांच्याकडं बराच वेळ पाहिलं आणि थर्मोस्टॅट त्यांच्या हातावर ठेवला.

आप्पांचा भाचा साखराळ्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला. त्यानं ठरवलं, याची शास्त्रीय चाचणी घ्यायची. आप्पांच्या पत्नी, काकू, देवळात गेल्याचं बघून दोघं स्वयंपाकघरात शिरले. पातेलं हवं होतं ते जाड बुडाचं, म्हणून बासुंदीचं घेतलं. थर्मोस्टॅटला दोरा बांधून तो पाण्यात सोडला, शेजारी गुरुजींच्या शाळेतून मागून आणलेला थर्मामीटर. गॅस पेटला. भाचा अंश वाचत होता आणि आप्पा वहीत लिहीत होते. अठ्ठ्याहत्तर. एकोणऐंशी. ऐंशी. दोघांचे श्वास थांबले. ब्याऐंशीला मधली पितळी चकती शिंपल्यासारखी हळूच वर उचलली गेली, आणि नेमक्या त्याच वेळी मागं काकू.

"बासुंदीचं पातेलं?"

"मामी, उघडला! एकदम परफेक्ट!"

"म्हणजे थर्मोस्टॅट चांगला आहे?" आप्पांनी विषय शास्त्राकडं ओढला.

"एकदम."

"मग गाडी का तापते?"

"ते आता स्पष्ट झालं, मामा."

"काय स्पष्ट झालं?"

"की थर्मोस्टॅटमुळे तापत नाही."

कॉलेज फी कशाची घेतं, याचा उलगडा आप्पांना त्या दिवशी झाला. ते पातेलं काकूंनी गाडीच्या डिकीत नेऊन ठेवलं, पाचव्या कॅनशेजारी. हो, तोवर पाचवाही आला होता.

दुसरी पाळी रेडिएटरच्या टोपणाची. भाच्यानं फळ्यावर लिहिल्यासारखं हवेत लिहीत समजावलं. समुद्रसपाटीला पाणी शंभर अंशांना उकळतं. आपण साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर, म्हणून आपल्याकडं दोनेक अंश आधीच. पण टोपणात स्प्रिंग असते, ती आत दाब धरून ठेवते, आणि 0.9 बारचं टोपण असेल तर पाणी एकशे अठरापर्यंत उकळत नाही. स्प्रिंग ढिली पडली की...

"कुकरच की," काकू तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या. "शिट्टी सैल झाली की वाफ जाते आणि डाळ बोटचेपी राहते. एवढं सांगायला तीन वर्षं लागतात?"

गाडी नुकतीच बाजारातून तापून आलेली होती. ज्ञानाच्या भरात भाचा उठला आणि टोपण तपासायचं म्हणून त्यानं ते फिरवलं. गरम कुकरचं झाकण असं उघडायचं नाही, हे काकूंनी सांगितलं असतं; पण त्यांना कुणी विचारलं नव्हतं. फस्सकन आवाज झाला आणि शेजाऱ्यांच्या पत्र्याच्या छपरापर्यंत कारंजं उसळलं. पोरगं चपळ म्हणून मागं उडी मारून वाचलं, सगळं शर्टावर निभावलं.

मात्र त्या शर्टानंच पहिला खरा धागा दिला. वाळल्यावर त्याच्यावर पांढरे नकाशे उमटले. आप्पांनी नखानं खरवडून पाहिलं आणि ते मटकन पायरीवर बसले. हा पांढरा थर त्यांनी जन्मभर पाहिला होता. वाळवा तालुक्याच्या कृष्णाकाठाला तो सगळ्यांच्याच ओळखीचा आहे. उसाला पाजून पाजून जमिनी पाणथळ झाल्या, खालचे क्षार वर आले. उन्हाळ्यात सऱ्यांवर कुणी मीठ शिंपडल्यासारखं दिसतं आणि तिथं कुसळ उगवत नाही. "पाणी बेतानं द्या, जमिनी क्षारपड होतील," हे वाक्य आप्पांनी एकतीस वर्षांत इतक्या बांधांवर उभं राहून सांगितलं होतं की त्याचे पैसे मिळते तर त्यांनी नवी गाडी घेतली असती. आणि तेच आप्पा गेली दहा वर्षं बोअरची नळी थेट रेडिएटरमध्ये सोडत होते.

रेडिएटरवाल्यानं वरची टाकी डाख सोडवून उघडली आणि नळ्यांतून लोखंडी पट्टी घालायला घेतली. चौथ्या नळीत ती अडली. पाचवीत अडली. "निम्म्या बुजल्यात, आप्पा. हितं पीक येत न्हाई."

"निचराच नाही म्हणायचं," आप्पा पुटपुटले. शिरोळकडं अशा जमिनींखाली भोकाचे पाइप पुरून क्षार धुऊन काढतात आणि पड जमिनीत पुन्हा ऊस डुलतो, हे त्यांनी रेडिएटरवाल्याला सविस्तर सांगितलं. त्यानं पट्टी फिरवत फिरवत ऐकून घेतलं आणि बिलात त्याचे पैसे लावले नाहीत.

सगळा क्षार निघाला. नवं टोपण आलं, बोअरच्या पाण्याऐवजी कूलंट आलं. गाडी एक आठवडा अशी गार राहिली की काटा मधल्या रेघेला शिवेना. आप्पांनी टपरीवर सगळ्यांना चहा पाजला. वस्तादांनी खुराकाची आठवण करून दिली, वैद्यबुवा पित्त निघालं म्हणाले, गुरुजींनी काटा सुधारला असं सुचवलं. मेव्हणे त्या आठवड्यात पेन्शनच्या कामाला पुण्याला गेले होते, त्यांचा चहा तेवढा राहिला. तो पाजावा म्हणून आठव्या दिवशी आप्पा त्यांना स्टँडवरून आणायला गेले, आणि टपरीच्या समोरच, ज्यांनी ज्यांनी चहा प्याला होता त्या सगळ्यांच्या साक्षीनं, गाडीनं वाफ सोडली.

त्यानंतर पाळीपत्रक कोलमडलं. कुणी म्हणालं, पाण्यात हवा धरलीय. म्हणून गाडीचं तोंड कालव्याच्या भरावावर चढवून, टोपण उघडं टाकून दोन तास बुडबुडे मोजले. येणारा-जाणारा सायकल थांबवून विचारायचा, "चढंना व्हय, आप्पा?" वॉटर पंप उघडून पाहिला, त्याची पाती शाबूत निघाली. पट्टा ताणला. होज पाइप बदलले. हेड गॅस्केटसाठी ट्रॅक्टरवाले पाना घेऊन दारात आले होते. त्यांना काकूंनी दारातूनच परत पाठवलं. मार्चमधल्या एका लग्नाला तर भाच्याच्या सल्ल्यानं हिटर पूर्ण सोडून कोल्हापूर गाठलं. यात शास्त्र आहे. हिटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच. तो इंजिनाची उष्णता ओढून आत माणसांवर सोडतो. इंजिन खरोखर वाचलं. मेव्हणे पुढच्या सीटवर होते. कार्यालयात उतरल्यावर वधूकडच्यांनी त्यांना आधी पाणी दिलं, मग पंख्याखाली बसवलं, मग कुणीतरी डॉक्टर आहे का विचारलं.

पण सगळ्यात मोठा चमत्कार जानेवारीतच होऊन गेला होता. सव्वीस जानेवारीला जोडून सुट्ट्या आल्या, आणि आप्पा, काकू, मेव्हणे पुण्याहून परत येत होते. पुण्याकडून साताऱ्याला येणाऱ्यांना तेव्हा खंबाटकीचा घाट चढावाच लागायचा. बोगद्याची चैन उलट दिशेच्या लोकांना. सुट्टीची गर्दी असली की या चढावर दरवेळचं दृश्य ठरलेलं असायचं. त्या दिवशीही घाटभर गाड्या बोनेटचा आ वासून उभ्या होत्या, आणि त्यांतल्या निम्म्या आप्पांच्या गाडीच्या नातवंडांच्या वयाच्या. कंबरेवर हात ठेवलेली माणसं इंजिनाकडं बघत होती. आप्पांनी देवाचं नाव घेऊन पहिला गिअर टाकला. मेव्हणे आदल्या रात्रीच्या जागरणानं मागच्या सीटवर आडवे झालेले. पुढं काकू, कानाला रुमाल बांधून. आणि ती सव्वीस वर्षांची म्हातारी त्या सगळ्यांच्या मधून, काटा मधोमध ठेवून, पालखीसारखी वर गेली. माथ्यावर आप्पांनी मुद्दाम थांबून दोघांना आपल्या कॅनमधलं पाणी दिलं. इतकी तृप्ती त्यांना निवृत्तीच्या सत्कारातही मिळाली नव्हती.

कराडला चहा झाला. मेव्हणे ताजेतवाने होऊन पुढं आले, "ताई, तू आता मागं पड जरा," म्हणाले. पेठ नाक्यावरून गाडी इस्लामपूरच्या रस्त्याला लागली, पुढं उसाचे ट्रॅक्टर आले, आणि घाट चढून आलेली गाडी सपाट रस्त्यावर उकळली.

त्या रात्री आप्पांनी नवी वही काढली. रकाने आखले: अनुक्रम, तारीख, ठिकाण, हवामान, काटा, पाणी (लिटर) आणि शेवटी, हात सवयीनं चालला म्हणून, 'लाभधारक'. यात गाडीत कोण बसलं होतं ते. मागच्याही नोंदी आठवून आठवून भरल्या. मार्च सरताना त्यांनी वहीची बेरीज मारली. एकूण ताप अकरा. हवामान कसलंही. ठिकाण कुठलंही. लाभधारक: दहा वेळा मेव्हणे. अकरावी वेळ रेडिएटर बुजलेला होता तेव्हाची.

आप्पांनी वही मिटली, पुन्हा उघडली, पुन्हा मिटली. हे घरात बोलण्यासारखं नव्हतं.

सरकारी माणूस मात्र प्रयोगाशिवाय अहवाल लिहीत नाही. वजनाचा परिणाम असू शकतो असं धरून त्यांनी मेव्हण्यांचं वजन किराणा दुकानाच्या काट्यावर थट्टेथट्टेत करून घेतलं: चौऱ्याऐंशी किलो. तेवढी ज्वारी पोत्यात भरून पुढच्या सीटवर ठेवली, पट्टा लावला आणि ट्रॅक्टरांच्या रांगेत शिरून साखराळ्याच्या कारखान्यापर्यंत जाऊन आले.

"आप्पा, पोत्याला पट्टा?" चौकात कुणीतरी विचारलं.

"नियम आहे," आप्पा म्हणाले.

काटा हलला नाही. दुसऱ्या दिवशी मेव्हण्यांना मागं बसवून तोच रस्ता; काटा हलला नाही. तिसऱ्या दिवशी पुढं बसवलं. पाचव्या किलोमीटरला वाफ.

वही एव्हाना काकूंच्या हाती लागली होती. लाभधारकाच्या रकान्यावर त्यांचं बोट थांबलं.

"म्हणजे माझ्या भावाचा पायगुण काढताय?"

"मी पायाचं नाव तरी घेतलं का?"

"तो आल्यापासून गाडी तापते, असंच लिहिलंय की इथं. दहा वेळा!"

"नोंद आहे ती. मत नाही."

तीन दिवस घरात पिठलं झालं.

चौथ्या दिवशी आप्पांनी शेवटचा उपाय म्हणून गाडी वायरिंगच्या पोराकडं नेली. बावीस-तेवीसचा पोरगा, कानात बाळी, एका हातात मोबाईल. त्यानं सगळा इतिहास ऐकला, थर्मोस्टॅट, टोपण, क्षार, हवा, ज्वारी; आणि विचारलं, "फॅन चालतोय हे कुणी बघितलं?"

"सगळ्यांनी! सहा मिस्त्र्यांनी!"

"उभ्या गाडीत. चालत्या गाडीत कुणी बघितलाय?"

आप्पा गप्प झाले. चालत्या गाडीचा पंखा बघायचा म्हणजे बोनेटवर बसायला हवं. पोरगा पुढं म्हणाला, गाडी पळती असली की वाऱ्यानंच रेडिएटर गार राहतो, फॅनचं काम पडत नाही. ट्रॅक्टरच्या मागं वीसच्या स्पीडनं रांगायला लागलं की सगळी भिस्त फॅनवर. त्यानं एक बल्ब घेतला, त्याचं एक टोक फॅनच्या वायरीला आणि दुसरं अर्थिंगला जोडलं, लांब वायर खिडकीतून आत आणली आणि बल्ब डॅशबोर्डवर गणपतीच्या शेजारी चिकटवला. "ह्यो पेटलेला हाय तोवर फॅनला लाइट हाय. चला. आणि ते पाव्हणं घ्या म्होरं."

पोरगा मागं बसला, दोन सीटच्या मधून मुंडकं काढून. बल्ब पिवळाधमक. गाव सुटलं. पुढं ट्रॅक्टर दिसला: दोन ट्रॉल्या, दोन्हीकडून ऊस रस्त्यावर झुललेला, पुढच्या भोंग्यांवर गाणं इतकं मोठं की आप्पांच्या गाडीची काच थरथरायला लागली. आप्पा जवळ गेले.

"दाजी, हळू!" मेव्हणे म्हणाले.

बल्ब विझला.

आप्पांनी अंतर सोडलं. बल्ब एकदा लुकलुकला, पेटला. पुन्हा जवळ गेले. "दाजी! दाजी!" विझला.

"ट्रॅक्टर जवळ आला की जातोय," पोरगा म्हणाला.

"भोंग्याचा परिणाम असंल?" आप्पांनी शक्यता मांडली.

पोरानं उत्तर दिलं नाही. तो खाली बघत होता. मेव्हण्यांचा उजवा पाय मॅटवर पुढं रेटून पार पत्र्याला टेकला होता, गुडघा ताठ, आणि चपलेतल्या अंगठ्याचं नख पांढरं पडलं होतं.

"काका, पाय उचला."

बल्ब पेटला.

"ठेवा."

विझला.

"मी कुठं काय करतोय?" मेव्हणे म्हणाले, आणि समोर बैलगाडी आडवी येताच त्यांनी पुन्हा करकचून ब्रेक दाबला. जो तिथं नव्हता.

गाडी कडेला घेऊन पोरानं मॅट उचलला. खाली एक लाल वायर, मधे काळ्या चिकटपट्टीचा जॉइंट, पट्टी वाळून पापुद्रे सुटलेली, आत तांब्याची दोन टोकं एकमेकांना कशीबशी धरून. आप्पांना आठवलं. 2008 साली फॅनचा फ्यूज सारखा उडायचा, तेव्हा एका वायरमननं डाव्या बाजूनं नवी वायर ओढून दिली होती. "तात्पुरती हाय, आप्पा," असं बजावूनही सांगितलं होतं. आप्पांच्या खात्यात तात्पुरत्या कामाचं आयुष्य साधारण एवढंच असतं, त्यामुळं त्यांना कधी संशय आला नाही. मेव्हणे ब्रेक दाबत, टोकं सुटत, पंखा मेला की गाडी तापे. मग वैतागून उतरताना ते दार असं दणकन आपटत की टोकं पुन्हा जागेवर येत. मिस्त्रींच्या दारात पोचेपर्यंत गाडी धडधाकट.

पोरानं वायर वरून, डॅशबोर्डच्या आतून नेली, पक्का जॉइंट केला आणि त्याचे दीडशे रुपये मागितले. आप्पांनी तोवर खर्चाची वहीही ठेवली होती. ती त्यांनी त्या दिवशी उघडली नाही.

टपरीवर निकाल जाहीर झाला. वस्ताद म्हणाले, पायात ताकद पाहिजेच, पण योग्य जागी. गुरुजी म्हणाले, काटा खरं बोलत होता, हे आपण आधीच म्हटलं होतं. काकूंनी एकच सांगितलं, "पाय त्याचा असेल, वायर तुमची होती." पिठलं थांबलं.

फक्त मेव्हणे रुसले. आपण ब्रेक दाबतो हेच त्यांना मान्य नव्हतं. पुण्यात पस्तीस वर्षं सिटी बसनं फिरलेला माणूस कशाला ब्रेक दाबेल? आठ दिवस ते गाडीत बसले नाहीत. मग आप्पा भंगारवाल्याकडून एका जुन्या गाडीच्या ब्रेक पेडलचं रबर घेऊन आले, सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन लावून ते डाव्या बाजूच्या मॅटवर चिकटवलं आणि मेव्हण्यांना बोलावलं. "घ्या. हा तुमचा."

मेव्हण्यांनी ते रबर पाहिलं, आप्पांकडं पाहिलं आणि न बोलता बसले. रस्त्याला त्या दिवशी सलग चार ट्रॅक्टर लागले. पेठ नाक्यापर्यंत मेव्हण्यांचा पाय रबरावरून हलला नाही आणि काटा मधल्या रेघेवरून. नाक्यावर उतरून त्यांनी दार दणकन आपटलं, मग खिडकीत वाकले.

"दाजी, गाडी बरी झाली म्हणायची. फक्त ब्रेक जरा खोल जातोय. दाखवून घ्या."